इंजिनं चौथऱ्यावर चढवलीत, माणसांचं काय? रेल्वे बोर्डाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
रेल्वे बोर्ड, रेल भवन, नवी दिल्ली

विषय: वाफेच्या इंजिनांवर काम केलेल्या हयात कर्मचाऱ्यांच्या आठवणी नोंदवून घेण्याबाबत

स.न.वि.वि.

31 ऑक्टोबर 2023 ला एकता नगर ते अहमदाबाद अशी एक वारसा गाडी सुरू झाली. तिचं इंजिन दिसतं वाफेचं, पण चालतं विजेवर. चेन्नईतल्या पेरांबूरच्या कारखान्यात ते सजवलं गेलं, आणि सजवणाऱ्यांनी हात राखून काम केलेलं नाही, हे फोटो पाहूनही कळतं. लोक हौसेने बसतात, पोरं खूश होतात. त्याला माझा विरोध नाही. पण एवढी कल्पकता आणि एवढा पैसा वाफेच्या मुखवट्यावर खर्च करता येतो, तर खऱ्या वाफेसमोर उभं आयुष्य काढलेल्या माणसांना दोन प्रश्न विचारण्याची व्यवस्था आजवर का झाली नाही, हे विचारायला हे पत्र लिहितो आहे.

ती माणसं शोधायला कुठे लांब जायला नको. ती आपल्याच पेन्शनच्या यादीत आहेत.

आधी आपल्याच खात्याने छापलेले आकडे. 1950-51 मध्ये भारतीय रेल्वेकडे 8,120 वाफेची इंजिनं होती, डिझेलची 17 आणि विजेची 72. 1970-71 मध्ये वाफेची 9,387 होती. 1980-81 मध्ये 7,469. 1990-91 मध्ये 2,915. आणि 2000-01 मध्ये 54. म्हणजे 1970 च्या आसपास विशीत भरती झालेल्या पोराने निवृत्त होईपर्यंत आपल्या डोळ्यांसमोर नऊ हजारांहून जास्त इंजिनं जाताना पाहिली. नुसतं पाहिलं नाही. त्यातली काही त्याने स्वतः शेवटची विझवली, भंगाराच्या रांगेत नेऊन लावली आणि दुसऱ्या दिवशी डिझेलच्या ट्रेनिंगला जाऊन बसला. चाळीसच्या पुढचा ड्रायव्हर पुन्हा वही-पेन घेऊन बाकावर. या उलथापालथीची हकीकत कुठे लिहिलेली आहे? मला तरी सापडली नाही.

वाफेच्या जन्माबद्दल आपण भरभरून लिहितो. 16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. शाळेतल्या पोरालाही तोंडपाठ. मरणाबद्दल मात्र आपण दोन-तीन तारखांवर भागवतो. चित्तरंजनच्या कारखान्यातून 1970 मध्ये ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन बाहेर पडलं, त्याचं नाव 'अंतिम सितारा'. फेब्रुवारी 1972 मध्ये मीटरगेजचंही शेवटचं निघालं. या कारखान्याने एकूण 2,351 वाफेची इंजिनं बनवली. मग 6 डिसेंबर 1995 ला जालंधर आणि फिरोजपूर यांच्या दरम्यान 'शेर-ए-पंजाब' नावाच्या डब्ल्यूएल वर्गाच्या इंजिनाने ब्रॉडगेजवरची शेवटची नियमित गाडी ओढली. मीटरगेजवर आणखी थोडी वर्षं वाफ टिकली. झालं, संपला इतिहास. 1972 ते 1995 या तेवीस वर्षांत नवं इंजिन एकही न येता जुन्यांवर देशाची मालवाहतूक आणि पॅसेंजर गाड्या कोणी, कशा रेटल्या, ती जागा कोरी आहे.

आणि ती वर्षं सोपी नव्हती. उत्पादन थांबवलं आणि पावणेदोन वर्षांत जगात तेलाचं संकट आलं, भाव चौपट झाले. वाफ हटवण्याचा वेग मंदावला. सत्तरच्या दशकात दोन हजारांच्या आत इंजिनं कमी झाली, ऐंशीच्या दशकात मात्र साडेचार हजारांवर. मरायला टेकलेल्या वस्तूवर कोणी पैसे घालत नाही. आपल्या खात्यानेही घातले नाहीत, आणि हिशेबाने ते बरोबरच होतं. सुटे भाग मिळेनात, तेव्हा एका इंजिनाचा भाग काढून दुसऱ्याला लावायचा. कोळसा येईल तसा वापरायचा. आपला कोळसा मुळात जास्त राखेचा, त्यात हाती लागलेला दगडमिश्रित. भट्टीतल्या जाळीवर खडे वितळून चिकटायचे, हवा कोंडायची आणि वाफ बसायची. मग मधल्याच स्टेशनात गाडी उभी करून लांब सळईने तो चिकटलेला थर फोडून भट्टी साफ करायची, खाली राख पाडायची, पुन्हा आग उभी करायची, आणि उशिराबद्दल गाड्यांवर नजर ठेवणाऱ्या कंट्रोल ऑफिसला उत्तर द्यायचं. त्या उत्तरांची कागदपत्रं कुठे आहेत?

मी दौंडच्या एका ड्रायव्हरचा मुलगा. वडील आगवाला, म्हणजे फायरमनचा मदतनीस, म्हणून लागले, फायरमन झाले, मग ड्रायव्हर. लहानपणी घरात घड्याळापेक्षा ड्यूटीचं बोलावणं आणणाऱ्या कॉलबॉयला मान होता. रात्री-अपरात्री तो दार वाजवायचा, कॉलबुकात सही घ्यायचा, की आई स्टोव्ह पेटवायला उठायची. वडिलांचा लाइन बॉक्स, म्हणजे ड्यूटीवर न्यायची सामानाची पेटी, दारातच भरून ठेवलेला असे. हे सांगतो ते गहिवर आणण्यासाठी नाही. वाफ गेली त्याचं मला वाईट वाटत नाही, हे स्पष्ट लिहितो. इंजिनात जाळलेल्या कोळशातली शंभरातली सहा-आठ भाग शक्तीच चाकांपर्यंत पोचायची. बाकीची धुराड्यातून आभाळात. माणसांची किंमत वेगळीच. मे महिन्यात पाठीला बॉयलरची धग आणि तोंडाला बाहेरची झळ. मालगाडी असली की लूप लाइनवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, तासन्‌तास उभं राहायचं, पण आग विझू द्यायची नाही, म्हणजे विश्रांती नाहीच. सलग चौदा-चौदा तास ड्यूटी व्हायची, काही वेळा त्याहून जास्त. ऑगस्ट 1973 मध्ये लोको रनिंग स्टाफने, म्हणजे इंजिनावरच्या ड्रायव्हर-फायरमननी, संप केला तो दहा तासांच्या ड्यूटीसाठी. दहा! आठ नव्हे. पुढच्या वर्षी 8 मे ते 27 मे असा देशव्यापी संप झाला. त्या संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस यांचं नाव सगळ्यांना आठवतं. फूटप्लेटवरची, म्हणजे इंजिनात ड्रायव्हर-फायरमन उभे राहतात त्या जागेवरची, कोणती अवस्था माणसांना तिथवर घेऊन गेली, ते फूटप्लेटवरचा माणूसच सांगू शकतो.

म्हणून माझी मागणी आठवणींच्या गोडव्यासाठी नाही, ज्ञानासाठी आहे. एक उदाहरण देतो, कारण हा मुद्दा रेल भवनात नीट पोचावा असं फार वाटतं.

बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते दाखवायला केबिनमध्ये काचेची नळी असते. फायरमनचा एक डोळा आगीवर, एक तिच्यावर. भट्टीच्या छतावर कायम पाणी हवं. ते उघडं पडलं तर छताचा पत्रा तापून मऊ पडतो आणि बॉयलर फुटू शकतो. तसं होऊ नये म्हणून छतात शिशाची बुचं बसवलेली असतात. पाणी उतरलं की शिसं वितळतं आणि वाफ भट्टीत घुसते. हे सगळं पुस्तकात आहे. पुस्तकात नसतं ते पुढचं. इंजिन चढावर असलं की पाणी मागे, म्हणजे केबिनच्या बाजूला सरकतं, आणि काच असते तिथे पातळी आहे त्याहून जास्त दिसते. चढ संपून इंजिनाचं नाक खाली झुकलं की तेच पाणी पुढे धावतं, आणि भट्टी मागे असल्यामुळे नेमकं तिचंच छत कोरडं पडण्याचा धोका. म्हणजे माथ्यावर पोचायच्या आत पाणी पुरेसं हवं. पण पाणी घालायचं तर थंड पाण्याने वाफ उतरते, आणि चढावर वाफेची गरज तर सर्वांत जास्त. मग घालायचं कधी, किती? याचं उत्तर चढ कुठे सुरू होतो, कुठे मोडतो, मागे किती टन आहेत, कोळसा कसा आला आहे आणि आज हे इंजिन कोणत्या मूडमध्ये आहे, यावर. प्रत्येक सेक्शनचं, म्हणजे मार्गाच्या टप्प्याचं, उत्तर वेगळं. ते फायरमनने ड्रायव्हरकडून घेतलं, ड्रायव्हरने आपल्या ड्रायव्हरकडून. कोणत्या फाटकापाशी बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर लावायचा, कोणत्या पुलानंतर कोपऱ्यांत कोळसा मारायचा, हे ज्याच्या हातात होतं तो माणूस गेला की त्या सेक्शनचं ते ज्ञान गेलं. दौंड-मनमाडचं वेगळं, भुसावळ-अकोल्याचं वेगळं. दोन्हीकडे आज रूळ तेच आहेत, माहिती गेली.

कोळसा मारणं हेही बाहेरून वाटतं तसं ढकलकाम नव्हतं. आगवाला टेंडरमधून, म्हणजे इंजिनामागच्या कोळशा-पाण्याच्या डब्यातून, कोळसा पुढे ओढायचा, मोठे ढेकळे फोडायचा. फायरमन बेलच्याने तो थोडा थोडा टाकायचा, आधी मागचे कोपरे, दाराखालची जागा, मग बाजू. आगीचा थर कुठे जाड, कुठे पातळ, ते त्या डोळे दिपवणाऱ्या उजेडात ओळखायचं. धुराड्यातून काळा धूर दाटला, तर कोळसा न जळता वाया चालला. सेफ्टी वाल्व्ह सुटून वाफ ओरडू लागली, तर तीही वाया गेली, आणि जुने ड्रायव्हर त्यावर जे बोलत ते या पत्रात लिहिता येणार नाही. पाहुण्यांना मात्र हीच दोन दृश्यं आवडतात, आणि पर्यटनाच्या जाहिरातीतही तीच असतात.

आता फोटोंची गोष्ट. रेल्वेच्या आवारात परवानगीशिवाय फोटो काढायला मनाई होती. त्यामुळे इंजिनं ठेवायच्या आणि दुरुस्तीच्या शेडमध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या घरी कामावरचा एकही फोटो नसतो. असतो तो निवृत्तीच्या दिवशीचा, हारतुऱ्यातला. ब्रिटनमध्ये 1968 च्या ऑगस्टमध्ये मुख्य मार्गांवरची वाफ संपली. त्यानंतर तिकडचे हौशी लोक रीतसर परवाने काढून आपल्याकडे येत राहिले. वॅगनांच्या रांगा, राखेचे खड्डे, वॉटर कॉलम, टर्नटेबलावर इंजिन ढकलणारे खलाशी, सगळं त्यांनी टिपलं. आमच्या बापांचे कामावरचे फोटो परदेशातल्या घरांतल्या कपाटांत आहेत, खाली फक्त इंजिनाचा नंबर लिहिलेला. त्यांच्याबद्दल तक्रार नाही, त्यांचे आभारच मानले पाहिजेत. पण त्या फोटोतल्या माणसाचं नाव सांगू शकणारे लोक अजून जिवंत आहेत, आणि हे दोन्ही टोकांचे लोक जोडण्याचं काम आपल्या वारसा विभागाशिवाय दुसरं कोणी करू शकत नाही.

महाराष्ट्रापुरतं बोलतो. वाफेची गाडी देशात पहिल्यांदा धावली ती आपल्याकडे, आणि हटू लागली तीही सर्वांत आधी आपल्याकडेच. 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली, आणि पुढच्या पाचेक वर्षांत पुण्याकडचा आणि इगतपुरीकडचा असे दोन्ही घाट विजेवर गेले. 1 जून 1930 ला डेक्कन क्वीन निघाली ती विजेवरच. मात्र घाटाच्या वर आणि पलीकडे वाफ पुढे कित्येक दशकं राबत राहिली. विदर्भात तर कमालच. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणाऱ्या 'शकुंतला' या छोट्या गाडीचं झेडडी वर्गाचं इंजिन 1921 मध्ये मँचेस्टरला बनलेलं. 1923 पासून ते 15 एप्रिल 1994 पर्यंत त्याने ही गाडी ओढली. सत्तर वर्षं एकच इंजिन! डिझेल आलं तेव्हा त्या इंजिनाची सगळी दुखणी माहीत असलेले फिटर मूर्तिजापुरात होते. त्या फिटरांशी कोणी सविस्तर बोललं का? कुर्डुवाडीचा कारखाना बार्शी लाइट रेल्वेचा. 1897 मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी सुरू केलेली ही अडीच फुटी गेजची गाडी लातूर, पंढरपूर, मिरजेपर्यंत पोचली, आणि 1954 मध्ये सरकारने घेतली. आषाढीला पंढरपूरच्या गाड्यांवर कोळसा मारलेली माणसं कुर्डुवाडीत अजून भेटतील. किती दिवस भेटतील, ते मात्र सांगता येत नाही.

शेड बंद झाल्याचा घाव फक्त रनिंग स्टाफवर नव्हता. कोळसा चढवणारे, राख काढणारे, बॉयलरच्या नळ्यांत शिरून काजळी काढणारे, बॉयलरमेकर, पेटवणारे, खलाशी, असं अख्खं गाव एका शेडवर जगायचं. थंड बॉयलर पेटवून वाफ धरायला कित्येक तास लागायचे, म्हणजे शेड चोवीस तास जागी. शेडच्या मागे राखेतून अर्धवट जळालेला कोळसा वेचणाऱ्या बायका असायच्या. त्यांच्या चुली आणि गावातली हॉटेलंसुद्धा त्याच कोळशावर चालायची. या बायका कोणत्याही मस्टरवर नव्हत्या. म्हणून माझी विनंती आहे की नोंदी करताना केवळ पेन्शनरांवर थांबू नये.

कागदांचंही तेच. एका कार्यालयात मी जुन्या शेडची रिपेअर बुकं आणि कॉलबुकं पाहायला मिळतील का, असं विचारलं. 'मुदत संपली, रद्दीत गेली' असं उत्तर मिळालं. नियमाप्रमाणे ते योग्यच असेल. त्या कार्यालयाला दोष देत नाही, म्हणून नावही लिहीत नाही. पण नियम बदलणं हे आपल्या हातात आहे. बंद झालेल्या लोको शेडचं जे काही रजिस्टर कुठल्या कपाटात, कुठल्या गोदामात उरलं असेल, ते यापुढे रद्दीत जाणार नाही, एवढं एक परिपत्रक काढायला खर्च शून्य.

आणि स्टेशनांबाहेरच्या चौथऱ्यांवरच्या इंजिनांबद्दल. रंग छान देता, कुंपण छान घालता. पण पाटीवर बहुतेक ठिकाणी वर्ग, नंबर, वजन, आणि अनावरण कोणाच्या हस्ते झालं ते असतं. हे इंजिन कोणत्या शेडचं, कोणत्या सेक्शनवर चाललं, शेवटचं कधी विझलं, त्या दिवशी फूटप्लेटवर कोण तीन जण होते, हे का नसावं? अनावरण करणाऱ्या साहेबांपेक्षा त्या तिघांचा या इंजिनाशी संबंध जास्त होता, असं मला वाटतं.

कोणी म्हणेल, वारसा जपतोच आहोत. खरं आहे. हरियाणातल्या रेवाडीची 1893 ची शेड आपण वाचवलीत, तिथे 'अकबर', 'आझाद' ही इंजिनं आणि तो 'शेर-ए-पंजाब'ही आहे. 1855 ची 'फेअरी क्वीन' 1997 मध्ये पुन्हा रुळांवर आली, हा तर जगाने वाखाणलेला पराक्रम. दार्जिलिंगला आणि निलगिरीत आजही खरी वाफ चालते, दोन्ही युनेस्कोच्या यादीत आहेत, आणि निलगिरीसाठी त्रिचीच्या गोल्डन रॉक कारखान्याने नवी इंजिनंही बनवून दाखवली. हे करणाऱ्यांना माझा सलाम. पण त्याच कारखान्यातल्या लोकांना विचारा, बॉयलरच्या कामाला हात कोणाचे लागले? जुन्यांचे, किंवा जुन्यांनी तयार केलेल्यांचे. अशी साखळी जिथे तुटली नाही तिथेच वाफ उरली. माथेरानला 1907 पासून वाफ होती, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ती गेली, आणि तिथली इंजिनं आता शोभेला आहेत.

तर नेमकं काय करावं, तेही लिहितो, नाहीतर 'सूचना चांगली आहे, विचाराधीन आहे' असं छापील उत्तर येईल.

प्रत्येक विभागात पेन्शनरांच्या तक्रारी ऐकायला पेन्शन अदालत भरते.  म्हणजे आपली वाफेवरची माणसं स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या खर्चाने, ठरलेल्या वेळी आपल्या दारात येतात. त्या दिवशी तिथे एक टेबल, एक रेकॉर्डर आणि प्रश्न विचारणारा एक माणूस बसवा. अर्ध्या तासात मुख्य गोष्टी निघतील. ज्यांच्याकडे जास्त आहे, त्यांच्या घरी नंतर जाता येईल. जे येऊ शकत नाहीत त्यांचे पत्ते आपल्याकडे आहेतच. बोलणं त्यांच्या भाषेत होऊ द्या. भुसावळचा फायरमन खानदेशीत बोलेल, इगतपुरीतला जुना अँग्लो-इंडियन ड्रायव्हर इंग्रजीत, बिहारमधल्या जमालपूरचा बॉयलरमेकर त्याच्या बोलीत. फॉर्म भरून घेऊ नका. फॉर्म पाहिला की रेल्वेचा माणूस रिमार्क्सच्या रकान्याएवढंच बोलतो. प्रश्न विचारायला जनसंपर्क विभागातलं कोणी न बसवता जुना लोको इन्स्पेक्टर बसवा. आणि रेकॉर्डिंग एखाद्या कपाटात कुलपात न ठेवता लोकांना ऐकता येईल असं ठेवा.

वेळेबद्दल एकच सांगतो. 1985 च्या आसपास विशीत लागलेले, म्हणजे शेवटच्या फळीतले आगवालेसुद्धा आता साठीच्या घरात गेले. 1970 च्या आधी लागलेले ऐंशीकडे निघाले. आठ वर्षांनी ही योजना मंजूर झाली, तर टेबल मांडाल, खुर्चीत बसायला कोणी उरणार नाही.

दौंड आणि आसपासचे आम्ही काही जण, रेल्वेवाल्यांचीच मुलं, हे काम विनामोबदला करायला तयार आहोत. रेकॉर्डर आमचा, प्रवास आमचा. आपल्याकडून हवी आहे ती येत्या पेन्शन अदालतीत बसण्याची लेखी परवानगी आणि एका टेबलाची जागा. विभागीय कार्यालयात अर्ज वेगळा दिला आहे; वरून एक ओळ आली तर तो लवकर हलेल.

कळावे,

आपला,
दौंडच्या एका निवृत्त ड्रायव्हरचा मुलगा